मालकांच्या गोठ्यातल्या गाड्या

भाच्याने मामाला फसवलं. सख्ख्या बहिणीच्या मुलाने, दिवसाढवळ्या, चार माणसांसमोर, मामाचा हात हातात धरून फसवलं. मामा म्हणजे माझे मालक. हडपसरला रस्त्याकडेचा त्यांचा गाळा माझ्याकडे भाड्याने होता आणि त्यात मी जुन्या दुचाक्यांचा धंदा करत होतो. भाचा म्हणजे बिल्डर. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याने ते इतक्या फ्लेक्सवर लावून ठेवलंय की माझ्या मदतीची त्याला गरज नाही.

लोक मला विचारतात, यात तुमचं काय गेलं? गेलं माझंही, पण ते नंतर सांगतो. आधी मालक कसे होते ते सांगायला हवं, म्हणजे नेमकं कुणाला फसवलं ते कळेल.

मी यवतमाळकडचा. पुण्यात आलो तेव्हा एका गॅरेजात टायर काढायचो. मग कमिशनवर जुन्या गाड्या विकायला लागलो, मग स्वतःचा धंदा टाकायचं ठरवलं. तोवर भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नव्हतं. गाळ्याचं भाडं ठरवायला गेलो तर हे गृहस्थ अंगणात बाजेवर बसलेले. धोतर, बंडी, खांद्यावर टॉवेल आणि पायात नातवाचे स्पोर्ट्स शूज. मी विचारलं, "भाडं काय म्हणता?" त्यांनी उजवा हात पुढे केला आणि त्यावर टॉवेल टाकला.

"घाला हात आत."

"कशाला?"

"भाव करायचाय का न्हाय?"

गुरांच्या बाजारात असा भाव होतो हे मी ऐकून होतो. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. आकडा दोघांना कळतो, बघणाऱ्यांना फक्त टॉवेल दिसतो. पण ते बैलांचं झालं. गाळा काही बैल नव्हे. मी तोंडाने भाव करणारा माणूस, माझी सगळी कमाई जिभेवर, आणि इथे जिभेला कामच नाही. शेवटी मी माझी हुकमी चाल खेळलो, रागावून उठून निघालो. पण हात त्यांच्या हातात अडकलेला. तसाच वाकून उभा राहिलो आणि भाडं त्यांच्या मनासारखं ठरलं.

"बोट लई लवकर सोडता तुमी," ते म्हणाले. "गडबडीचा मानूस दिसता."

मी म्हटलं, करार करून घेऊ. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी त्यांच्या घरात चपला घालून शिरलो होतो. "हात धरला न्हवं माझा? आता कागद कशाला पायजे?" त्यानंतर मी तिथे राहिलो तितका काळ त्यांनी ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त मागितला नाही. शेजारच्या गाळ्यांची भाडी कुठल्या कुठे गेली. मी स्वतःहून वाढवायची गोष्ट काढली तेव्हा म्हणाले, "मग तवा हात कशाला धरला?"

गाळ्याच्या मागे त्यांचा गोठा होता. दगडी भिंती, वर पत्रा, आत एका रांगेत बैल बांधायची जागा, म्हणजे दावण, आणि समोर चारा टाकायची लांबलचक गव्हाण. या दावणीवरचे बैल एकेकाळी मार्केट यार्डाला भाजीच्या गाड्या ओढत. मग टेम्पो आले, शेताचे प्लॉट झाले, बैल एकेक करून गेले. मालकांनी गोठा मात्र झाडून-लोटून तसाच ठेवला होता. रिकामा गोठा रोज झाडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "हिला लायसन लागत न्हाय म्हनला दुकानदार." ती कमी वेगाची जात होती. जन्मात त्यांनी लायसन काढलं नव्हतं. बैलगाडी हाकलेल्या माणसाने कुणा साहेबासमोर आठचा आकडा काढून दाखवायचा, हे त्यांना पटत नव्हतं. स्कूटर आणली ती थेट गोठ्यात, ढवळ्या नावाचा बैल जिथे उभा राहायचा त्या जागेवर. गव्हाणीच्या वर भिंतीत प्लग बसवला, वायर गव्हाणीत सोडली.

ते ती चालवत कशी? गाडीला आवाज नाही, म्हणून हँडलला बैलाची घुंगरमाळ. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं, म्हणून तोंडाने "बाजूऽऽ". ब्रेक दाबताना सोबत "हो, हो, हो". मगरपट्ट्याच्या चौकात हिरवा दिवा लागायची वाट बघताना ते गाडीच्या मानेवर थोपटत बसत. लोक व्हिडिओ काढत. त्यांना वाटायचं, लोक गाडी बघताहेत.

आणि एक नियम. बाहेरून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावायची नाही. "धापा टाकत आल्यालं जनावर हाय. जरा दम खाऊ द्या." त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत प्लग आत जायचा नाही. पुढे कुणीतरी सांगितलं की बॅटरीला हे मानवतं. असेल. पण मालक टीव्ही आणि मिक्सरलाही असाच दम खाऊ देत, त्यामुळे मी त्याचं फार कौतुक करत नाही.

मी स्वतः इलेक्ट्रिकच्या विरोधात होतो. कारण साधं, मी कानाचा माणूस. पेट्रोलची गाडी किक मारली की मला सगळं सांगते: किती पळाली, कुणी रगडली, मीटर मागे फिरवलाय का. इलेक्ट्रिक तोंडच उघडत नाही. तिची बॅटरी आतून किती म्हातारी झालीय हे बाहेरून कळत नाही, मग मी भाव कशाचा करू? ज्याच्यात घासाघीस करता येत नाही तो माल मी दुकानात ठेवत नसे.

पण गिऱ्हाईक विचारायला लागलं, म्हणून दुसऱ्यांच्या एक-दोन इलेक्ट्रिक कमिशनवर आणून उभ्या केल्या. आजच्या पोरांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही म्हणून ती इलेक्ट्रिक घेत नाहीत, असं बागेतले पेन्शनर म्हणतात. पोरांना पर्यावरणाचं फार पडलंय म्हणून ती घेतात, असं जाहिराती म्हणतात. दोघंही माझ्या काउंटरवर कधी उभे राहिलेले नाहीत.

एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "काका, गाडी भारी आहे, पण आवाज नाही ना. कॉलेजच्या गेटवर कोण वळून बघणार?"

"त्या मागच्या आजोबांकडे सगळे वळून बघतात."

"काका, सीरियसली!"

दुसरा, जेवण पोचवणारा, हेल्मेटसकट आत यायचा. "दिवसभर पळते का तेवढं सांगा. दिसायला कशी का असेना." तिसऱ्याचे वडील सोबत. मुलगा म्हणे रोज ऑफिसला जायचंय, वडील म्हणत, गावाला जाताना मध्येच बंद पडली तर? मुलगा म्हणाला, "पप्पा, गावाला आपण एसटीनेच जातो." तरी गाडी पेट्रोलचीच गेली. आणि एक जण रोज यायचा, मोबाईलमध्ये जळालेल्या स्कूटरचा व्हिडिओ दाखवायचा, आणि जाताना विचारायचा, "किती कमी कराल?"

हे सगळं ऐकून मी एका गोष्टीवर आलो. आवाज, आग, गाव, ही सगळी वरवरची बोलणी. अर्ध्याअधिक पोरांचं घोडं भिंतीपाशी अडत होतं. ती राहतात भाड्याने. चौघांत एक फ्लॅट, नाहीतर पीजी. पार्किंगमध्ये प्लग लावला तर वॉचमन काढतो, तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडली तर घरमालक ओरडतो.

पहिली आली ती लातूरकडची एक मुलगी. आयटीत कामाला, पीजीत राहणारी. तिने माझ्याशी इतकी घासाघीस केली की मला तिच्याबद्दल आदर वाटला. सगळं ठरलं आणि मग म्हणाली, "नको काका. घेऊन लावू कुठे? पीजीवाल्या काकू मोबाईलच्या चार्जरवरूनसुद्धा बोलतात."

मालक दारात उभे होते. "वायरीला जागा पायजे व्हय? इकडं ये, पोरी. सांच्याला घरी कवा येतीस?"

"शिफ्ट असते, आजोबा. नक्की नसतं."

"माझं बैल बी शिफ्टमधीच हुतं. यायची येळ सांग आन् त्या येळंला ये."

तिची स्कूटर ढवळ्याच्या शेजारी, हौश्याच्या जागेवर लागली. मग तिची मैत्रीण आली, मैत्रिणीचा भाऊ आला, जेवण पोचवणारा आला. मालकांनी गोठ्यासाठी वेगळा मीटर घेतला, बिल पोरं आपसांत वाटून भरत. प्रत्येक प्लग जुन्या बैलाच्या नावाचा. पोरांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'दावण'. एरवी आपसांत इंग्रजीशिवाय न बोलणारी ती पोरं माझ्या दुकानासमोरून ओरडत जायची, "अरे, माझी हौश्यावर आहे, तू चिमण्यावर लाव." कुणी उशिरा आलं की मालक बाजेवरून विचारत, "जनावर उपाशी ठेवून कुठं हिंडत हुता?" आणि सहा आकडी पगाराचा तो पोरगा खाली मान घालून म्हणायचा, "सॉरी आजोबा, ट्रॅफिक होतं."

मग मीही बदललो. बॅटरी तपासायचं मशीन घेतलं, स्वतःच्या पैशाने जुन्या इलेक्ट्रिक गाड्या ठेवायला लागलो. माझं बोलणं एकच असायचं. "गाडी घ्या, चार्जिंग मागे आहे. मालकांचा शब्द आहे." हे मी किती पोरांना सांगितलं असेल! त्यांच्या शब्दावर मी माझा शब्द ठेवला.

भांडणं व्हायची नाहीत असं नाही. सगळ्यांत मोठं झालं ते पोळ्याच्या दिवशी. आमच्याकडे पोळा श्रावणात, यांच्याकडे भाद्रपदात, त्यामुळे मी बेसावध होतो. सकाळी गोठ्याकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावलो. मालकांनी सगळ्या स्कूटर धुऊन काढल्या होत्या, आरशांना बेगड चिकटवलं होतं, सीटवर झुली घातल्या होत्या, गव्हाणीवर पुरणपोळीचं ताट होतं. आणि फाटकाला कुलूप.

"आज कुनाच्या बी खांद्यावर जू न्हाय," मालक म्हणाले. "आज सुट्टी."

"आजोबा, माझा क्लायंट कॉल आहे!"

"त्याला सांग, पोळा हाय."

मी मध्ये पडलो, आवाज चढवला. माझा राग वाईट, तो आला की मी सरळ वऱ्हाडीत जातो. "काऊन असं करून राहिले मालक? लोखंडाची गाडी हाय ते!" ते शांतपणे म्हणाले, "लोखंडाची हाय म्हनून राबवायची का?" शेवटी पोरं रिक्षाने गेली. पण संध्याकाळी सगळी परत आली, पुरणपोळ्या खाल्ल्या, झुली घातलेल्या गाड्यांबरोबर फोटो काढले. पुढच्या वर्षी त्यांनी आधीच सुट्ट्या टाकून ठेवल्या. कुठल्या कंपनीच्या जाहिरातीने मला तेवढी गिऱ्हाइकं दिली नाहीत, जेवढी त्या फोटोंनी दिली.

आणि मग भाचा आला.

त्याने मामाला इमारतीचं समजावलं. मामांना सातव्या मजल्यावर फ्लॅट, मामांच्या मुलीला एक फ्लॅट. मामा म्हणाले, सगळं घे, गोठा आन् त्याच्या म्होरचं आंगन राहू दे, पोरांच्या गाड्या असत्यात. भाचा म्हणाला, अहो मामा, गोठा तुमचाच. फक्त मंजुरीसाठी कागदावर सगळी जागा एकत्र दाखवावी लागते. मालकांनी विचारलं, "किती सोडतोस?" आणि हात पुढे करून टॉवेल टाकला.

भाच्याने हात आत घातला. हसत घातला. अंगणात मी होतो, ती लातूरची मुलगी होती, भाच्याचा ड्रायव्हर होता आणि मालकांची मुलगी चहा घेऊन उभी होती. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. मालकांचा चेहरा खुलला. "ठरलं," ते म्हणाले. "दोन गुंठं. गोठ्यासकट." भाच्याने मान हलवली आणि चहा घेतला.

मी मालकांना बाजूला ओढलं. "हे लिहून घ्या. आत्ता. कागदावर सगळी जागा जातेय आणि दोन गुंठे फक्त टॉवेलात आहेत."

"बहिनीचं पोरगं हाय ते."

"म्हणूनच म्हणतो."

ते माझ्यावर रागावले. पहिल्यांदाच. "तुमी आलात तवा बी कागदच मागितला हुता. तुमाला हाताचा भरवसाच न्हाय." मी चिडून दुकानात येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सही व्हायच्या सकाळीसुद्धा मी तेच सांगितलं. त्यांनी सही केली.

माझा गाळा पाडायचाच होता, मी रस्त्यापलीकडे दुसरा घेतला. त्याचं मला काही नाही, धंद्यात ते चालतं. पण एके सकाळी जेसीबी गोठ्यासमोर उभा राहिला. पोरं आपापल्या गाड्या ढकलत बाहेर काढत होती. लातूरच्या मुलीने जेसीबीपुढे स्कूटर आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली. भाचा आला.

मालक म्हणाले, "आरं, दोन गुंठं ठरलं हुतं."

भाचा म्हणाला, "मामा, असं कुठे ठरलंय? कागद बघा."

"टॉवेलाखाली ठरलं न्हवं?"

"टॉवेलाखाली तुम्ही माझा हात धरला होता, मामा. प्रेमाने धरला असेल." मग आमच्याकडे वळून, "कुणी काही पाहिलं का?"

आम्ही काय पाहिलं होतं? दोन गुंठे बोलले ते मालक; भाच्याने नुसती मान हलवली होती, आणि मान चहालाही हलते. मी तोंड उघडलं, भरपूर उघडलं, भाच्याच्या दोन माणसांनी मला धरून मागे नेलं. पण जी पद्धत बघणाऱ्याला काही कळू नये म्हणूनच केलेली, तिचा साक्षीदार कोण होणार? आयुष्यभर या माणसाने असेच व्यवहार केले आणि समोरच्याने एकदाही बोट फिरवलं नाही. फिरवलं ते घरच्याने.

मालक जेसीबीकडे बघत नव्हते. ते त्या मुलीजवळ गेले आणि म्हणाले, "गाडी काढ, पोरी. लागंल तिला." तिने काढली.

आता तिथे इमारत आहे. मालक सातव्या मजल्यावर राहतात. त्यांची स्कूटर खाली पार्किंगमध्ये आहे, पण चार्जिंगला बंदी. इमारतीचा सगळा कारभार अजून भाच्याकडेच आहे आणि त्याची माणसं आगीचं कारण सांगतात. मालक रोज लिफ्टने खाली येतात, गाडी पुसतात, वर जातात. मी कितीदा म्हटलं, वकील मी देतो. ते म्हणतात, "कोर्टात काय दाखवू? हात?" भाच्याबद्दल वावगा शब्द नाही.

पोरांचं म्हणाल तर ती पांगली. कुणी ऑफिसात चोरून चार्ज करतं, कुणी विकून मोकळं झालं. लातूरची मुलगी तिची स्कूटर माझ्याकडेच विकायला घेऊन आली. मी म्हटलं, "पेट्रोलची घेतेस? एवढं करून?"

"काका, गाडीत काही खोट नाही. पण माझ्या नावावर एक भिंत नाही या शहरात." मग किल्ली काउंटरवर ठेवून म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात, चार्जिंग मागे आहे."

तिने मागितला तो भाव मी दिला. धंद्यात आल्यापासून पहिल्यांदा घासाघीस केली नाही, कारण जीभच उचलेना. माझं गेलं ते हे. गिऱ्हाइकाच्या तोंडावर मी दिलेला शब्द खोटा पडला, आणि तो मी खोटा पाडलेला नाही.

त्यानंतर नव्या गाळ्यासमोर मी भिंतीला प्लग लावलेत. मावतात तेवढ्या गाड्या लावू देतो, ज्यांना मी तो शब्द दिला होता त्यांना आधी. दुकानाचं तोंड झाकतं, झाकू दे. पण तेवढ्याने हे मिटत नाही.

कारण भाच्याने रस्त्यावर नवीन फ्लेक्स लावलाय. 'ईव्ही-रेडी घरं. तरुणाईच्या विचारांची.' शेजारी स्कूटरला प्लग लावणारी एक हसरी मुलगी. मी तडक त्याच्या ऑफिसात गेलो. नमुन्याचा फ्लॅट बघायला जोडपी आली होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "ही मुलगी कोण? हिचं घर स्वतःचं आहे की भाड्याचं?"

"शेठ, आपण आत बसून बोलू," तो म्हणाला. "तुमच्यासाठी खाली एक शॉप काढून देतो. रेट तुम्ही सांगा."

हयातभर मी हे वाक्य ऐकायला धडपडलो. रेट तुम्ही सांगा! मी उभाच राहिलो. त्याला म्हटलं, माझा रेट तुझ्या सातव्या मजल्यावर राहतो. दर रविवारी मी इथे येणार आणि तुझ्या गिऱ्हाइकांसमोर हेच विचारणार. पोलीस बोलव, मी त्यांनाही विचारेन. अजून एक रविवार चुकवलेला नाही.

तो मला उत्तर देत नाही. मला नकोच आहे. बिल्डरसाहेब, तुम्ही लिफ्टमध्ये शिरा, सातव्या मजल्यावर जा, मामांच्या समोर उभे राहा आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा की दोन गुंठे ठरले नव्हते. ते सांगता येत नसेल तर खाली या आणि त्या पोरांना सांगा, गाड्या कुठे लावायच्या?